भावकीची वेबसाइट

आमच्या भालकीतल्या दुकानदाराच्या तोंडून "न्हाई" हा शब्द सहसा बाहेर पडत नाही. माल नसला तर तो "आत्ताच संपला" असतो, नाहीतर "उद्याच्या गाडीनं यायलाय" असतो. आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं म्हणजे दारातली लक्ष्मी हाकलणं, अशी इथल्या बाजाराची समजूत. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, "तुमची वेबसाइट आहे का?" असं विचारलं तेव्हा मामांनी पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, "करायलाव की बाई. पुढच्या महिन्यात चालू व्हायलीय."

वेबसाइट म्हणजे काय हे मामांना ठाऊक नव्हतं. ते विचारण्याइतका कमीपणा घेणंही त्यांना ठाऊक नव्हतं.

ही २००९ सालची गोष्ट. बाई मैलारच्या मल्लण्णाच्या दर्शनाला आल्या होत्या आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बस स्टँडसमोरच्या आमच्या घोंगडीच्या दुकानात शिरल्या. त्यांनी घोंगडी उलगडली, नाकाला लावून लोकरीचा वास घेतला आणि घासाघीस न करता चार घेतल्या. मामा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या महिन्याचं काहीतरी सांगण्यात गुंतले होते, म्हणून त्या मला म्हणाल्या, "आमच्याकडे लोक पाठदुखीला, ध्यानाला बसायला अशी घोंगडी शोधत असतात. सगळ्यांना काही भालकीला येणं जमत नाही. तुम्ही घोंगडीचा फोटो, भाव आणि फोन नंबर एवढंच नेटवर टाका. लोक घरबसल्या मागवतील." इतकं सोपं बोलणं मी सासरी आल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी मनीषा, या घरची सून. माहेर उदगीरकडचं. बारावी पास, वर कॉम्प्युटरचा एक कोर्स. तो कोर्स मी लग्नासाठी केला होता. पोरीला कॉम्प्युटर येतो म्हटलं की पाहुणे जरा वरच्या घरचे येतात, असं आमच्या गावात मानतात. लग्न झालं, कॉम्प्युटर सुटला आणि लोकर हाती आली.

आम्ही धनगर. मेंढरं आजेसासऱ्यांच्या काळातच गेली, माग राहिला. सगळ्या भावकीत चालता माग त्या वेळी आमच्याच घरी, आणि त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा एकच माणूस, माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण गोष्टीत "हे" आणि "ते" करत बसले तर तुमचाच गोंधळ होईल, म्हणून घेते. रविकुमार. तेव्हा घरातली कामाची वाटणी अशी: सासूबाई, म्हणजे बाणूबाई, सूत काततात. मी चिंचोक्याची खळ लावते. रविकुमार विणतो. आणि माझे सासरे काशप्पा दुकानात बसून विकत नाहीत.

त्यांचाही सगळा दोष नव्हता म्हणा. हैदराबादहून चिनी ब्लँकेटं यायला लागली होती, मऊ, गुलाबी, वर वाघाचं भलंमोठं तोंड. लोकांना ती इतकी आवडली की धनगराच्या लग्नात धनगरच आहेराला वाघ द्यायला लागले. घोंगडी उरली ती मल्लण्णाच्या पूजेला, म्हाताऱ्यांच्या खांद्याला आणि पुढाऱ्यांच्या सत्काराला. मल्लण्णा जुनी घोंगडी फेकत नाही आणि म्हातारे दरसाल कमी होत जातात, तेव्हा धंदा कुठं चालला होता ते दिसतच होतं.

रविकुमारला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. त्याचे सोबती पुण्याला कंपन्यांत आणि सोसायट्यांत लागले होते आणि त्याच्यासाठीही एकानं जागा बघून ठेवली होती. तो जाणार हे मला कळत होतं आणि त्यानं जाऊ नये असं मला वाटत होतं. सरळच सांगते, मोठेपणा मिरवत नाही. माझं सगळं लहानपण माझा बाप भिवंडीला होता. तो सणाला यायचा तेव्हा आई त्याला पाहुण्याच्या ताटात वाढायची, आणि आम्ही पोरं दाराआडून त्याच्याकडं बघायचो. मला माझ्या घरात पाहुणा नको होता, नवरा हवा होता.

म्हणून डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी रात्रीच्या भाकरीबरोबर त्याच्या ताटात वाढलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिवाळीपतोर बघू. त्या वेबसाइटवरून माल उचलला तर ऱ्हातो. न्हाईतर मी चाललो बघ."

दिवाळीला तेव्हा चार महिने होते. फोटो, भाव आणि फोन नंबर टाकायला चार महिने पुष्कळ झाले, असं मला वाटलं. माझं गणित कच्चं नव्हतं, पण मी भावकी धरायची विसरले.

सुनीलकुमार माझा चुलत दीर. बस स्टँडच्या मागं त्याचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. बारशाच्या पत्रिका, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचे बोर्ड, असा भालकीचा माणूस जन्मापासून मरणापर्यंत त्याच्या हाताखालून जातो. त्याला विचारलं तर म्हणाला, "वेबसाइट तर हातचा मळ हाय, वैनी." त्यानं कुठल्याशा कोर्सात ती खरंच शिकून घेतली होती, यात खोटं नाही. फक्त आयुष्यभर त्यानं पत्रिका आणि फ्लेक्स याशिवाय काही बनवलं नव्हतं, आणि हात शेवटी सवयीनंच चालतात.

मामा म्हणाले, एवढी मोठी गोष्ट भावकीला न विचारता कशी करायची? आमच्याकडं नवी सून, नवी म्हैस किंवा नवं भांडण, काहीही घरात आणायचं असलं तरी आधी भावकीला विचारतात. बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसली. मधोमध हणमंतप्पा, भावकीतले सगळ्यांत थोरले. त्यांना सगळे मोठे अप्पा म्हणतात. ऐकायला कमी येतं, पण ऐकल्याशिवाय निकाल देण्याचा त्यांना पन्नास वर्षांचा सराव आहे.

"त्या वेबसाइटीवर काय ऱ्हातंय?" मोठ्या अप्पांनी विचारलं.

"सगळं जग बघतंय, अप्पा. अमेरिकेत पन दिसतंय," सुनीलकुमार म्हणाला.

अप्पांनी बैठकीवरून एक नजर फिरवली. मग म्हणाले, "मग फोटो कुनाकुनाचे टाकायलास?"

मी बायकांच्या बाजूला बसले होते. घोंगडीचा धंदा त्या क्षणी संपला हे मला तिथंच कळायला हवं होतं.

लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून आमच्याकडं लग्नं मोडली आहेत. इथं तर अमेरिका बघणार होती. सर्वांत वर श्री मैलार मल्लण्णा प्रसन्न, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं, कारण मल्लण्णा भावकीतला नव्हता. त्याखाली आशीर्वाद, त्याखाली मार्गदर्शक, त्याखाली निमंत्रक, असं पत्रिकेसारखंच ठरत गेलं. वेबसाइटला निमंत्रक कशाला, असं सुनीलकुमारनं एकदा विचारलं, तर दोन चुलत सासरे उठून चालायला लागले. त्यांना हात धरून परत बसवलं आणि निमंत्रक ठेवले.

फोटो काढायला सगळे एकाच दिवशी स्टुडिओत गेले. स्टुडिओत कोट एकच होता. आता आमच्या वेबसाइटवर सगळी भावकी एकाच कोटात गोल चौकटीतून जगाकडं बघत होती. एकाला तो कोट सैल, दुसऱ्याला घट्ट, मोठ्या अप्पांना तर बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. चिटगुप्प्याच्या जावयाचा, म्हणजे माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा, फोटो घ्यायचा राहून गेला, तर ते रुसले, जेवणावरून उठले आणि नणंदेला माहेरी पाठवायची भाषा करायला लागले. शेवटी त्यांच्या फोटोभोवती लुकलुकणारे दिवे लावायचं ठरलं, तेव्हा कुठं त्यांनी घास घेतला. जावई कायमचे लुकलुकत राहिले.

आणि या सगळ्यांच्या वर, मल्लण्णाच्या खालोखाल पण आकारानं मल्लण्णाहून मोठे, किशनराव. किशनराव आमच्या तालुक्याचे पुढारी. त्यांच्याशिवाय आमच्याकडं मुतारीचंही उद्घाटन होत नाही. त्यांनी स्वतःच फोटो पाठवला. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, आणि खांद्यावर कुठल्याशा सत्कारात आमच्याच लोकांनी पांघरलेली घोंगडी.

मी धीर करून मामांना विचारलं, "मामा, अन् घोंगडीचा फोटो?"

"घोंगडी कामून टाकायची?" मामांना खरंच नवल वाटलं. "सगळ्यांच्या घरात हाय की ती. कुनी बगितली न्हाई?"

सुनीलकुमारनं मला समजावलं, "वैनी, साहेबांच्या खांद्यावर हाय की घोंगडी."

मजकुराचा प्रश्न तेवढा लवकर सुटला. भालकी कर्नाटकात आणि आमचं घरचं बोलणं मराठी, त्यामुळे मराठीत लिहावं की कन्नडमध्ये यावर दोन बैठका झाल्या, आणि दोन्ही बाजूंना सारखंच समाधान मिळावं म्हणून इंग्रजी ठरली, जी थोरल्यांपैकी कुणालाच वाचता येत नव्हती. ती सुनीलकुमारलाही फारशी लिहिता येत नव्हती, म्हणून त्यानं एका शालवाल्याच्या वेबसाइटवरून उचलली आणि शालीच्या जागी घोंगडी घातली. त्यामुळे आमची मेंढरं बर्फाच्या शिखरांवर चरतात आणि कारागीर सरोवराकाठी बसून विणतात, असं जगाला कळलं. मी ते वाचून सुनीलकुमारला दाखवलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वैनी, जरा भारी वाटतंय." भालकीत उन्हाळ्यात माणसं उन्हानं चक्कर येऊन पडतात.

राहिला फोन नंबर. रविकुमार इतके दिवस मागावर बसून नुसता ऐकत होता. नंबराची बैठक होती त्या दिवशी तो मुद्दाम मागावरून उठून बैठकीला गेला आणि म्हणाला, "दुकानाचा नंबर टाका. गिऱ्हाईक दुकानात फोन करंल."

मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की बापानं पोराकडं असं बघू नये. "मोठ्या मानसाला डावलून आपला नंबर टाकायचा? जग काय मनंल?"

हे जग म्हणजे बिरोबाच्या देवळापुढं बसलेली तीच माणसं. जगानं मान हलवली. मोठ्या अप्पांच्या मुलानं त्यांना हैदराबादहून एक मोबाइल पाठवला होता, तो ते बंडीच्या खिशात देवाच्या टाकासारखा जपत. मानाचा नंबर म्हणून तोच टाकायचा ठरला. भाव टाकावा का, असंही मी मधे विचारलं, तर मोठे अप्पा हसले. भाव काय, माणूस बघून सांगायचा असतो, म्हणाले.

दसऱ्याला उद्घाटन झालं. दुकानापुढं मंडप घातला, सुनीलकुमारचा कॉम्प्युटर टेम्पोतून आणला, त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि मल्लण्णाचा भंडारा उधळला. तो कीबोर्डात गेला. किशनराव तीन तास उशिरा आले. त्यांनी नारळ फोडला, फीत कापली आणि सुनीलकुमारनं दाखवलेलं बटण दाबलं. मंडपापर्यंत नेटची तार पोचलीच नव्हती हे सुनीलकुमारला ठाऊक होतं, पण किशनरावांना ते सांगणार कोण? पडद्यावर कॉम्प्युटरचं नेहमीचं चित्र तेवढं राहिलं, हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किशनरावांनी त्या टेकडीकडं बोट दाखवून, आपल्या समाजाची मेंढरं अशाच हिरव्या डोंगरांवर चरली पाहिजेत, यावर अर्धा तास भाषण केलं, आणि त्यांच्या खांद्यावर आमची आणखी एक घोंगडी गेली.

सासूबाईंनी माझ्या कानाशी लागून विचारलं, "ह्येच्यात आपली घोंगडी कुठं हाय गं?"

"डोंगराच्या मागं हाय, आत्याबाई," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. त्यांना ते खरंच वाटलं. त्या मान उंचावून बघत राहिल्या.

नंतर मटणाचं जेवण झालं. जेवायला सगळी भालकी होती. घोंगडी घ्यायला कुणी नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल की अशा वेबसाइटवर कोण फोन करणार. पण लोकांना घोंगडीची खरंच गरज असावी, कारण इतकं सगळं करूनही फोन आले. ते मोठ्या अप्पांना आले. त्यातला एक मी स्वतः ऐकला. मी त्यांच्याकडं नैवेद्याचं ताट घेऊन गेले होते आणि ते ओसरीवर बसले होते. कमी ऐकू येतं म्हणून त्यांच्या फोनचा स्पीकर कायम चालू असायचा.

"नमस्कार, घोंगडीसाठी फोन केला होता. पुण्याहून बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला.

"पुनं ऱ्हाऊ द्या. मूळ गाव कोनतं?"

"मूळ? मूळ साताऱ्याकडचे आम्ही. माझं दुकान आहे, हातमागाच्या वस्तूंचं. मला सुरुवातीला पन्नास घोंगड्या..."

"सातारा व्हय. कुनाचे तुमी?"

माणूस सभ्य होता. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. अप्पांनी आज्याचं विचारलं. त्यानं ते टाळलं आणि म्हणाला, "तुमच्या साइटवर ते गॉगलवाले गृहस्थ आहेत ना, त्यांच्या खांद्यावर आहे तसली हवी. काय भाव पडेल?"

"ती सत्काराची हाय. ती इकायची न्हाई."

"बरं, मग विकायची कुठली आहे?"

"तुमी आदी घरला या. चहापानी घ्या. वळख तर होऊ द्या, मग बगू."

"आजोबा, मेंढ्या बर्फात चरतात असं लिहिलंय, म्हणजे लोकर हिमालयातली का?"

"कुठला बर्फ? इथं उन्हानं मरायलेत मेंढरं," अप्पांनी खरं ते सांगितलं. सगळ्या वेबसाइटच्या कारभारात हेच एक खरं वाक्य. फोन बंद झाला. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "नुसता भाव इचारायलाय. आज्याचं नाव सांगना. असल्या मानसाला माल द्यावा का?"

मी ताट तिथंच टेकवलं आणि घरी पळाले. रविकुमार मागावरून तसाच उठून आला, अप्पांचे पाय धरल्यासारखं करून फोन मागितला आणि त्याच नंबरवर उलटा फोन लावला. दुकानदार चांगलं बोलला. म्हणाला, "अहो, तुमच्याकडं वेळ लागेल असं वाटलं. दुसऱ्या एकाच्या साइटवर फोटोखाली भाव लिहिलेला होता, त्याला देऊन टाकली ऑर्डर. पुढच्या वेळी बघू." रविकुमारनं फोन अप्पांच्या खिशात परत ठेवला. अप्पांना तो राग आहे हे कळलं नाही, मान राखला असंच वाटलं.

घरी येऊन तो मागावर बसला नाही. अर्धी झालेली घोंगडी तशीच राहिली. दिवाळीच्या पाडव्याला मी त्याला ओवाळलं आणि भाऊबीज झाल्यावर तो निघाला. पुण्याची गाडी आमच्या दुकानासमोरूनच सुटते. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि मला त्याचा, मामांचा, मोठ्या अप्पांचा आणि त्या एका कोटाचा इतका राग आला होता की मी त्याला नीट जा म्हणायचंसुद्धा विसरले. मामा शेजारच्या दुकानदाराला सांगत होते, "पोरगं पुन्याला लागलं. अन् हिकडं आपली वेबसाइट हायच की."

पुण्यात त्याला सोसायटीचं गेट मिळालं. निळा ड्रेस, शिट्टी आणि आल्यागेल्याची नावं लिहायची. सणाला आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्यासाठी वेगळी ताटवाटी काढली. मी ती परत फळीवर ठेवली आणि नेहमीच्या ताटात वाढलं, पण त्यानं भाजी कमी तिखट मागितली तेव्हा काय समजायचं ते समजले.

वर्षानं सुनीलकुमार मान खाली घालून आला. म्हणाला, वेबसाइटचं नाव दरसाल भरून चालू ठेवावं लागतं. बिरोबापुढं परत बैठक बसली. ज्याचा फोटो मोठा त्यानं भरावं, असं लहान फोटोवाले म्हणाले. सगळ्यांत मोठा फोटो किशनरावांचा, आणि ते मधल्या काळात निवडणुकीत पडल्यामुळं कुणाचे फोन उचलत नव्हते. जावई म्हणाले, मला तर तुम्ही नंतर घेतलं. असं करता करता मुदत टळली आणि वेबसाइट बंद पडली. भावकीला ते मी सांगितलं तेव्हा कळलं. उद्घाटनालाही न उघडलेली वेबसाइट पुढं आमच्यातल्या कुणी उघडून बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एक चांगली घोंगडी घेऊन सुनीलकुमारच्या दुकानात गेले.

"भाऊजी, मला एक पान करून द्या."

"कुनाचे फोटो टाकायचे, वैनी?"

"घोंगडीचा."

"अन् वर?"

"वर बी घोंगडीच."

"खाली?"

"भाव लिवा. अन् माझा नंबर."

तो माझ्याकडं बघत राहिला. "बस? हे तर चहा प्यायच्या आत व्हतंय."

"मग चहा सांगा," मी म्हणाले. त्यानं फुकटात मिळतं तसलं एक साधं पान घेतलं आणि चहा येईपर्यंत खरंच केलं. लोकर कुठली, वजन किती, पाण्यात कशी धुवायची, हे मी सांगितलं आणि त्यानं मराठीत लिहिलं. बर्फ घातला नाही. घोंगडीचा फोटो त्याच्याच दुकानाबाहेर, उन्हात, बाजेवर पसरून काढला. काळीभोर, पांढऱ्या काठाची. ती इतकी देखणी आहे हे मलाही फोटोतच दिसलं.

मामांच्या कानावर दोन दिवसांनी गेलं. "भावकीला इचारलीस का?" ते म्हणाले.

"इचारायलाव की, मामा. पुढच्या महिन्यात," मी म्हणाले. इतकी वर्षं दुकानात बसून मीही काही शिकले होते.

पहिला फोन आठवड्यात आला. मग आणखी आले. कुणी गाव विचारलं नाही, आजा विचारला नाही, आणि मीही विचारलं नाही. दुकानात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या घोंगड्या मी झटकल्या, पोत्यात शिवल्या आणि पुणे, मुंबई, बेंगळुरू अशा रवाना केल्या. मामा आता शेजाऱ्याला सांगत होते की वेबसाइट ही मुळात त्यांचीच कल्पना. फळ्या रिकाम्या होत गेल्या आणि मग एक दिवस पूर्ण रिकाम्या झाल्या. मागाच्या खड्ड्यात सासूबाईंनी कांदे ठेवले होते.

मी रविकुमारला फोन लावला. "या आता. ऑर्डरी यायलेत, माल न्हाई."

"किती दिस येतील त्या? एकडाव नोकरी सोडली की परत घेत न्हाईत इथं," तो म्हणाला. "दोन-चार महिने टिकतेत का बघ. टिकल्या तर येतो."

"तुमी आल्याबिगर टिकतील कशा?"

पलीकडं गाडीचा हॉर्न वाजला. "गेट उघडायचंय, ठेवतो," म्हणाला आणि ठेवला. मी त्याला शिवी दिली. फोन बंद झाल्यावर दिली, पण दिली.

काल पुण्याच्याच एका बाईंचा फोन आला. आवाज लाघवी होता. त्यांच्या मैत्रिणीकडं आमची घोंगडी बघून त्यांना सहा हव्या होत्या, शिवाय त्यांच्या सोसायटीत हातच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. म्हणाल्या, "विणणाऱ्या कारागिराला भेटायला फार आवडेल हो. आम्ही भालकीला यायलाही तयार आहोत."

"भालकीला कशाला येता? ते पुण्यातच असतात," मी म्हणाले.

"अय्या, खरंच? कुठे?"

मी सोसायटीचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, ही तर आमच्या मागच्याच गल्लीत आहे, कितव्या मजल्यावर राहतात?

"गेटवर उभे असतात. वाचमन हायेत."

बाई जरा चाचरत म्हणाल्या, "मग... घोंगड्या विणतं कोण?"

"सध्या कुणीच न्हाई. म्हणून तर माल न्हाई. तुमी असं करा बाई, संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा त्या गेटवर थांबा. रविकुमार कोण म्हणून इचारा. त्यांना म्हणा, मला सहा घोंगड्या पाहिजेत, घरी जाऊन विणून द्या. माझं ऐकत न्हाईत. गिऱ्हाइकाचं ऐकतील."

त्या हसल्या. मी हसले नाही. त्यांना त्याचा फोन नंबर घ्यायला लावला, एकेक आकडा सावकाश सांगितला आणि त्यांच्याकडून परत म्हणून घेतला.